आराम पडला, दमा राहिला



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्याची पायरी मी पहिल्यांदा चढले ती वडिलांची पिशवी सांभाळत. मी तेव्हा सातवीत होते. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांना दमा होता. पहाटे चारच्या सुमारास ते उठून बसायचे; कॉटच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढे काढून. छातीतली शिट्टी माजघरापर्यंत ऐकू यायची. आई पाठीशी उशा रचायची, स्टोव्ह पेटवून पाणी तापत ठेवायची आणि उजाडायची वाट बघायची. उजाडलं की वडील गल्लीच्या टोकाला जाऊन इंजेक्शन घेऊन यायचे. वीसेक मिनिटांत शिट्टी थांबायची. आंघोळ करून, टोपी घालून ते शाळेच्या घंटेला हजर. "आराम पडला," आई शेजारच्या काकूंना सांगायची. आठवड्याने पुन्हा तेच.

पुढे मी औषधशास्त्र शिकले आणि तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवलं. दर वर्षी दम्याचा धडा आला की आईचे ते दोन शब्द माझ्या कानात वाजतात. आज मला जे सांगायचं आहे ते त्याच शब्दांबद्दल आहे. दम्याला आराम पडतो म्हणूनच तो फसवतो. त्याने रुग्णांना फसवलं, डॉक्टरांना फसवलं, औषधं बनवणाऱ्यांना आणि त्यांना परवानगी देणाऱ्यांनाही फसवलं, आणि त्याची किंमत अनेकांनी जिवाने मोजली.

आधी छातीत काय घडतं ते पाहू. श्वासाच्या बारीक नळ्यांभोवती स्नायूंचा वेढा असतो. दम्यात हा स्नायू आवळतो, नळीचं आतलं अस्तर सुजतं आणि घट्ट, चिकट बेडका साचतो. तिन्ही गोष्टींनी वाट अरुंद होते. इथे एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो. हेच गणित उलटही चालतं. स्नायू जरासा सैल पडला, वाट थोडीशी रुंदावली, की रुग्णाला एकदम मोकळं मोकळं वाटतं. सूज मात्र होती तेवढीच असते. जी गोष्ट पाच मिनिटांत सुटते ती स्नायूची आवळ. जी आठवडेन् महिने रेंगाळते, आतल्या आत वाढते आणि पुढच्या झटक्याची तयारी करते, ती सूज. आणि सुजेला शिट्टी नसते.

पहाटे चारच का, हे वडिलांनी मला अनेकदा विचारलं होतं. उत्तर मला फार उशिरा कळलं. आपलं शरीर दम्यावरची दोन औषधं स्वतःच बनवत असतं. एक अ‍ॅड्रेनलिन, ते स्नायू सैल करतं. दुसरं कॉर्टिसॉल, ते सूज आवरतं. रात्री या दोन्हींचं प्रमाण ओसरतं. ज्याच्या नळ्या आधीच सुजलेल्या आहेत त्याला उत्तररात्री या ओहोटीचा फटका बसतो. दम्यावरची आजची बहुतेक मुख्य औषधं याच दोन घराण्यांतली आहेत. मात्र पहिल्या घराण्याला लगेच मान मिळाला आणि दुसऱ्याला तो अजूनही पुरता मिळालेला नाही.

चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला तमकश्वास आपल्या दम्याशी चांगलाच जुळतो. आभाळ भरून आलं, गारठा वाढला, पूर्वेचा वारा सुटला की तो बळावतो. आडवं झाल्यावर वाढतो, बसल्यावर बरं वाटतं. हे वर्णन वर्गात सांगताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी ती कॉटची कडा येते. औषधांमध्ये आपल्याकडे धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीत होती. महाशिवरात्रीला ज्याचं फळ आपण शंकराला वाहतो, त्याच धोतऱ्याच्या कुळातली ही झाडं. १८०२च्या सुमारास मद्रासमध्ये कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या जेम्स अँडरसन या डॉक्टरकडून ही रीत जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याने ब्रिटनला नेली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं युरोपातल्या औषधांच्या दुकानांत दम्याच्या सिगारेटी विकल्या जात होत्या. मार्सेल प्रूस्त हा फ्रेंच कादंबरीकार त्या ओढत असे.

धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन आणि त्याची भावंडं असतात. मेंदूकडून फुफ्फुसाकडे येणारी व्हेगस नावाची नस अ‍ॅसिटिलकोलिन सोडते आणि त्या निरोपावर स्नायू आवळतो. अ‍ॅट्रोपिन त्या निरोपाची जागा आधीच अडवून बसतं. अडचण अशी, की ते फुफ्फुसात थांबत नाही, सगळ्या शरीरात हिंडतं. तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, छाती धडधडते, जास्त झालं तर माणूस बरळू लागतो. १९७०च्या दशकात यावर सुरेख तोडगा निघाला. रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूतल्या नायट्रोजनवर कायमचा धन विद्युतभार बसवला. भारित रेणूला पेशींच्या तेलकट पडद्यांतून जाता येत नाही. त्यामुळे श्वासावाटे घेतलेलं इप्राट्रोपियम जिथे पडतं तिथेच काम करतं. आज सरकारी इस्पितळात झटका घेऊन आलेल्या मुलाला मास्कमधून जी 'वाफ' देतात, तिच्यात पुष्कळदा हेच असतं. सुधारलेला धोतराच तो.

अ‍ॅड्रेनलिनची गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. जोकिची ताकामिने यांनी १९०१मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळवलं आणि दोनच वर्षांनी त्याची इंजेक्शनं दम्याच्या रुग्णांना दिली गेली. परिणाम थक्क करणारा होता, पण हृदयही त्याच तालावर धावू लागायचं. चिनी वैद्यकातल्या मा-ह्वांग या झुडपातून नागाई या जपानी शास्त्रज्ञाने १८८५मध्ये एफेड्रिन वेगळं केलं होतं. ते तोंडाने घेता येई, पण झोप उडवी. १९४०च्या दशकात आयसोप्रेनलिन आलं. ते नळ्या झटकन उघडायचं, तासाभराच्या आत उतरायचं आणि हृदयाला मात्र सोडायचं नाही.

मग १९५५मध्ये अमेरिकेत एका तेरा वर्षांच्या मुलीने वडिलांना एक प्रश्न विचारला. तिला दमा होता. काचेच्या नळीला लावलेला रबरी फुगा दाबून औषध घ्यावं लागे. ते नाजूक होतं आणि सांडे. केसांवर मारायचा फवारा डब्यात मिळतो, तसं माझं औषध का नाही मिळत? वडील जॉर्ज मेसन हे रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख होते. वर्षभरात, १९५६ साली, मोजून मात्रा सोडणारा पहिला इनहेलर बाजारात आला. ज्याला आपण 'पंप' म्हणतो तो हाच. मला ही गोष्ट फार प्रिय आहे. रुग्णाने, तेही एका शाळकरी मुलीने, नेमकी अडचण सांगितली आणि मोठ्या माणसांनी ती ऐकली.

पण पुढे जे घडलं ते सांगायलाच हवं. १९६०च्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा काही देशांत दम्याने तरुण मुलं पटापट मरू लागली. दमा त्रास देतो पण जीव घेत नाही, असं तोवर अनेक डॉक्टर मानत. स्पायझर, डॉल आणि हीफ या संशोधकांनी १९६८मध्ये इंग्लंड आणि वेल्सचे आकडे मांडले. दहा ते चौदा या वयात दम्याचे मृत्यू सात वर्षांत जवळजवळ आठपट झाले होते. १९६६ साली त्या वयातल्या एकूण मृत्यूंपैकी सात टक्के दम्याचे होते. संशयाची सुई आयसोप्रेनलिनच्या पंपांकडे वळली, विशेषतः नेहमीपेक्षा पाचपट तीव्र असलेल्या 'फोर्ट' प्रकाराकडे. पॉल स्टॉली यांनी पुढे दाखवलं की तो तीव्र पंप जिथे विकला जात होता तिथेच मृत्यूंची लाट आली. अमेरिकेत त्याला परवानगी नव्हती, तिथे ती आली नाही. डॉक्टरांना इशारे गेले, चिठ्ठीशिवाय पंप मिळणं बंद झालं, मृत्यू उतरले.

ती मुलं कशाने गेली? औषधाने हृदयावर घाव घातला म्हणून, की वारंवार मिळणाऱ्या आरामामुळे इस्पितळात पोहोचायला उशीर झाला म्हणून? यावर संशोधक पुष्कळ भांडले. मला स्वतःला दुसरं कारण अधिक जड वाटतं, जरी पहिलं नाकारता येत नाही. डोळ्यांसमोर आणा. चौदा वर्षांचा मुलगा. पंप मारला, बरं वाटलं. दोन तासांनी पुन्हा मारला. मग तासाने. मग अर्ध्या तासाने. दर वेळी थोडा आराम पडतो आहे, म्हणून घरचे निर्धास्त आहेत. आत अस्तर सुजतं आहे, बेडक्याची बुचं बसत आहेत. शेवटी अशी वेळ येते की सैल करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. जी वाट बंद आहे ती सुजेने आणि बेडक्याने बंद आहे. तिथे तो पंप काही करू शकत नाही.

आता डेव्हिड जॅक यांच्याबद्दल. स्कॉटलंडमधल्या खाणकामगाराचा मुलगा, औषधाच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला. इंग्लंडमध्ये वेअर इथल्या अ‍ॅलन अँड हॅनबरीज या कंपनीत ते संशोधन पाहत. अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८मध्येच सांगून ठेवलं होतं, की अ‍ॅड्रेनलिन ज्यांवर काम करतं ती ग्राहकस्थानं एकसारखी नाहीत. त्यांत अल्फा आणि बीटा असे भेद आहेत. १९६७मध्ये बीटाचेही दोन प्रकार दिसले: हृदयावर मुख्यतः पहिला, श्वासनळीच्या स्नायूवर दुसरा. जॅक यांच्या मंडळींनी रेणूत दोन फेरबदल केले. एका टोकाला असा गट बसवला की शरीरातलं तोडफोड करणारं विकर त्याला धरू शकेना, म्हणून औषध चार-सहा तास टिकलं. दुसऱ्या टोकाला एक जाडजूड गट लावला, तो दुसऱ्या प्रकारच्या कुलपात अधिक नीट बसतो. असं सॅलब्युटॅमॉल तयार झालं, १९६९मध्ये बाजारात आलं. आपल्याकडच्या निळ्या पंपात हेच असतं. या बीटा-दोन ग्राहकस्थानाची नेमकी घडण उलगडण्यात ब्रायन कोबिल्का आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांचं आयुष्य गेलं आणि २०१२चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

सॅलब्युटॅमॉल उत्तम औषध आहे, हे मी ठामपणे सांगते. झटक्यात ते जीव वाचवतं. पण ते पहिल्याच घराण्यातलं आहे. स्नायू सैल करतं, सुजेला हात लावत नाही. आणि धडा एकदा शिकून पुरला नाही. न्यूझीलंडमध्ये १९७६मध्ये फेनोटेरॉल नावाचं त्याच जातीचं तीव्र औषध आलं, पाठोपाठ मृत्यूंची दुसरी लाट आली. १९८९मध्ये तिथल्या संशोधकांनी त्यावर बोट ठेवलं, वापरावर बंधनं आली, मृत्यू झपाट्याने खाली आले. मग बारा तास टिकणारी भावंडं आली. सॅल्मेटेरॉलची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, सव्वीस हजारांहून अधिक रुग्णांवर. औषध घेणाऱ्या गटात दम्याने तेरा मृत्यू झाले, न घेणाऱ्यांत तीन. चाचणी मध्येच थांबवावी लागली. आज अशी दीर्घकाळ टिकणारी औषधं दम्यात एकटी द्यायची नाहीत, हा नियम आहे. सोबत दुसऱ्या घराण्यातलं औषध हवंच.

त्या घराण्याकडे वळण्याआधी रॉजर अल्टून्यान या डॉक्टरला नमस्कार करायला हवा. सीरियात जन्मलेला, आर्मेनियन कुळातला. आजोबांनी अलेप्पोत इस्पितळ चालवलं. लहानपणी इंग्लंडमध्ये सुट्टीत शिडाची होडी हाकणारे तो आणि त्याची भावंडं आर्थर रॅन्सम यांच्या मुलांसाठीच्या कादंबरीत पात्रं होऊन आली. दुसऱ्या महायुद्धात हा वैमानिक होता. त्याला दमा होता, आणि दम्यावर औषध शोधणाऱ्या कंपनीत तो नोकरीला लागला. मध्यपूर्वेत अम्मी नावाच्या झाडाच्या बियांचा काढा पोटदुखीवर, मुतखड्यावर देत. त्यातल्या खेलिन या द्रव्यापासून कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ नवनवे रेणू बनवत होते. प्राण्यांवर त्यांचा काही परिणाम दिसत नव्हता. अल्टून्यान याने मग स्वतःला चाचणीला लावलं. गिनिपिगच्या केसांची त्याला अ‍ॅलर्जी होती. त्याचा अर्क हुंगून तो स्वतःवर झटका ओढवून घ्यायचा आणि नव्या रेणूने तो टळतो का ते मोजायचा. आठवड्यातून दोन-तीनदा. अनेक वर्षं. शेकडो वेळा. १९६५ साली हाती आलेलं क्रोमोग्लायकेट चाललं. ते श्वासावाटे घ्यायचं उपकरणही त्यानेच आखलं. विमानाच्या पंख्यासारखं पातं आत फिरतं आणि कॅप्सूलमधली पूड हवेत उधळते.

या औषधाचं विशेष हे, की झटका आल्यावर ते घेऊन काहीही उपयोग होत नाही. आधी घेतलं तर झटका येत नाही. म्हणजे आराम न देणारं, नुसतंच टाळणारं औषध. दम्यावर अशी चीज असू शकते हेच तोवर कुणाला पटत नव्हतं. आज क्रोमोग्लायकेट मागे पडलं आहे. पण एका दमेकऱ्याने स्वतःच्या छातीवर प्रयोग करून प्रश्नच बदलून टाकला, याचं मोल मला त्या औषधाहून मोठं वाटतं.

आता स्टिरॉइड. हा शब्द उच्चारला की सभागृहातल्या निम्म्या चेहऱ्यांवर आठी येते, ती मला इथूनही दिसते आहे. फिलिप हेंच यांनी १९४८मध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि जखडलेली बाई चालू लागली. दोनच वर्षांत नोबेल. दम्यातही गोळ्यांनी चमत्कार दिसला, पण चेहरा चंद्रासारखा सुजू लागला, साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली, मुलांची उंची खुंटली. डर्बीच्या मॉरो ब्राउन या डॉक्टरने १९५८मध्ये रुग्णांचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवलं, की ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल या पेशी आहेत त्यांना स्टिरॉइड लागू पडतं. मग डेव्हिड जॅक यांच्याच संस्थेत विचार झाला: त्वचेच्या सुजेवर स्टिरॉइडचं मलम लावतो, तर श्वासनळीच्या आतल्या त्वचेला का लावू नये? मलमातलंच बेक्लोमेटासोन फवाऱ्यात घातलं आणि मॉरो ब्राउन यांनी १९७२मध्ये त्याचे परिणाम छापले. गोळ्यांवर जगणाऱ्या बऱ्याच रुग्णांच्या गोळ्या सुटल्या.

आता साधं त्रैराशिक करू. झटक्यानंतर देतात त्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांचं दिवसाचं प्रमाण समजा वीस मिलिग्रॅम, म्हणजे वीस हजार मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका दाबात स्टिरॉइड असतं दोनशे मायक्रोग्रॅम, शंभरावा हिस्सा. त्यातलंही बरंचसं घशात पडतं आणि गिळलं जातं; ब्युडेसोनाइडसारख्या औषधाचा गिळलेला भाग यकृत पहिल्याच फेरीत सुमारे नव्वद टक्के नष्ट करतं. म्हणून पंपानंतर चूळ भरायची. तोंडात बुरशी धरत नाही आणि पोटात कमी जातं. पहिल्या घराण्याचंही हेच. सॅलब्युटॅमॉलच्या एका गोळीत चार मिलिग्रॅम असतं, पंपाच्या एका दाबात शंभर मायक्रोग्रॅम. एक गोळी म्हणजे चाळीस दाब. आणि तरी आपल्याकडे माणसं डॉक्टरला म्हणतात, "पंप नको, तो फार तीव्र असतो, गोळीच द्या."

पण पंपातल्या स्टिरॉइडचा खरा शत्रू ही भीती नाही. तो ओढल्यावर काहीच होत नाही, हा आहे. बीटा-दोनचा निरोप पेशीच्या पडद्यावरच पोहोचतो आणि मिनिटांत काम होतं. स्टिरॉइड पेशीत शिरतं, आपल्या ग्राहकरेणूसह गाभ्यात जातं आणि सूज पेटवणाऱ्या जनुकांचं वाचन थांबवतं. याला तास लागतात, पूर्ण परिणामाला आठवडे. वर ते बीटा-दोन ग्राहकस्थानं नव्याने घडवायलाही मदत करतं, म्हणजे पहिल्या घराण्याचं औषध नीट चालावं याची सोय दुसरं करतं. रुग्णाला यातलं काही कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की निळा मारला की बरं वाटतं आणि दुसरा मारला की काही वाटत नाही. मग दुसरा कपाटात जातो. सॅमी सुइसा यांनी कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या औषधनोंदी तपासून २००० साली दाखवलं, की वर्षभरात स्टिरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला तसा दम्याने मरण्याचा धोका प्रत्येक पंपामागे एकवीस टक्क्यांनी घटला. कपाटातल्या पंपाला हे जमत नाही.

थिओफायलिनवर थोडं थांबते, कारण आपल्या भागात 'डेरी-डेक्सा' ही जोडगोळी अजून चालते: थिओफायलिनच्या जातीचं एक इंजेक्शन, डेक्सामेथासोनचं दुसरं. थिओफायलिन चहात असतं आणि ते कॉफीतल्या कॅफिनचं सख्खं भावंड. हाइड सॉल्टर या ब्रिटिश डॉक्टरने १८६०च्या ग्रंथात दम्यावर कडक काळी कॉफी सांगितली होती, ती उगीच नव्हे. पण गुण देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत याच्या बाबतीत बोटभर अंतर आहे. रक्तात एका मिलिलिटरला वीस मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं की उलट्या, हृदयाचे ठोके चुकणं, आकडी. बिडी ओढणाऱ्याचं यकृत ते झपाट्याने संपवतं. तोच माणूस इस्पितळात दाखल झाला, बिडी सुटली, की त्याच मात्रेने पातळी वाढते. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं तर आणखी वाढते. मी विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खिशातली बिडी विचारायला शिकवत आले ती यासाठी.

आणि दोन औषधं, जी दमा उठवतात. रक्तदाबावरची प्रोप्रानोलोलसारखी बीटा रोखणारी औषधं. काचबिंदूवरच्या टिमोलोलच्या थेंबांनीही झटका येऊ शकतो, डोळ्यात टाकलेला थेंब छातीपर्यंत पोहोचतो. दुसरी अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या. काही दमेकऱ्यांत त्या एका वाटेचं दार बंद करतात, मग कच्चा माल दुसऱ्या वाटेने जाऊन ल्युकोट्राइन वाढतात आणि नळ्या आवळतात. हे ल्युकोट्राइन म्हणजे काय, ते बेंग्ट सॅम्युएल्सन यांनी १९७९मध्ये उलगडलं. त्यावरची माँटेलुकास्टची गोळी आपल्याकडे सर्दीतही सर्रास देतात. ती घेणाऱ्या मुलांची झोप, चिडचीड, मनःस्थिती यांकडे लक्ष ठेवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२०मध्ये त्याबद्दल सर्वात कडक इशारा दिला आहे. अ‍ॅलर्जीतल्या आयजीई या प्रतिपिंडाला रोखणाऱ्या ओमॅलिझुमॅबपासून पुढची प्रतिपिंडांची इंजेक्शनं काही गंभीर रुग्णांचं आयुष्य पालटतात, पण ती महाग आहेत आणि बहुसंख्यांना त्यांची गरजही नाही.

बहुसंख्यांना जे लागतं ते आपल्या राज्यात बनतं. मुंबईच्या सिप्लाने १९७०च्या दशकापासून पंप बनवले आणि भारतात ते जगाच्या मानाने स्वस्त झाले. तरीही २०१९च्या जागतिक अंदाजानुसार जगातले सुमारे तेरा टक्के दमेकरी भारतात आहेत आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भारतात होतात. या दोन आकड्यांमधली दरी मला झोपू देत नाही. औषध दुकानात आहे, माणूस घरात मरतो आहे. मधे काय आहे? 'पंपाची सवय लागते.' 'पंप म्हणजे शेवटचा उपाय.' मुलीला स्थळं येतात तेव्हा पंप धान्याच्या डब्यामागे लपवला जातो. कॅप्सूल यंत्रात फोडून ओढायची असते, ती पाण्याबरोबर गिळली जाते, कारण दाखवून दिलेलं नसतं.

माझे वडीलही यातून गेले. इंजेक्शनांच्या जोडीला कुणीतरी पांढऱ्या बारीक गोळ्या सुचवल्या. त्यांनी फार बरं वाटायचं. दोन वर्षं ते त्या आपल्या आपण घेत राहिले. चेहरा गोल झाला, लोक म्हणाले मास्तरांची तब्येत सुधारली. मग पाण्याची बादली उचलताना पाठीचा मणका दबला. त्या अवस्थेत मी त्यांची पिशवी धरून इथल्या डॉक्टरांकडे आले होते.

डॉक्टरांनी गोळ्या एकदम बंद केल्या नाहीत. बाहेरून मिळतंय म्हणून शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं सोडलेलं असतं; एकदम थांबवलं तर माणूस कोसळतो. कागदावर तक्ता आखून त्यांनी महिनोन् महिने ती मात्रा उतरवली आणि बेक्लोमेटासोनचा पंप दिला. वडील म्हणाले, "डॉक्टर, याने काहीच होत नाही." डॉक्टर म्हणाले, "मास्तर, दात घासल्याने तरी लगेच काय होतं? दात घासायच्या ब्रशाशेजारी हा ठेवा. आधी पंप, मग दात. चूळ आपोआप भरली जाईल." सहा आठवड्यांनी एका पहाटे चार वाजता मला जाग आली ती शांततेने. वडील झोपले होते. आई मात्र सवयीने उठून बसली होती.

२०१८मध्ये दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. सौम्य दम्यात त्रास होईल तेव्हा निळ्या पंपाऐवजी असा पंप द्यायचा, ज्यात लगेच आराम देणारं फॉर्मोटेरॉल आणि सूज उतरवणारं ब्युडेसोनाइड एकाच दाबात आहेत. गंभीर झटके बरेच कमी झाले. २०१९पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने नुसता निळा पंप द्यायला नको म्हटलं आहे. युक्ती साधी आहे. माणूस आरामासाठी हात पुढे करणारच, तर त्याच हातात उपचारही ठेवायचा. पन्नास वर्षं आपण रुग्णाला दोष दिला की तो दुसरा पंप घेत नाही. आता औषधच माणसाच्या स्वभावाशी जुळवून घेतं आहे. डॉक्टरांनी ब्रशाशेजारी पंप ठेवायला सांगितला, तेव्हा त्यांनीही हेच केलं होतं.

निमंत्रणपत्रिकेत मी लिहायला सांगितलं होतं, की ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी तो सोबत आणावा. व्यासपीठाच्या खाली टेबलावर रिकामे पंप, पंपाला जोडायचे स्पेसर आणि कॅप्सूलची यंत्रं ठेवली आहेत. माझे चार विद्यार्थी तिथे उभे आहेत. पंप हलवायचा, पूर्ण श्वास सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, सावकाश ओढता ओढता दाबायचं, आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरून ठेवायचा. एकेकाने या आणि आम्हाला करून दाखवा. मागच्या रांगेतले ज्येष्ठ आधी येऊ देत, त्यांना जिना उतरायचा आहे.